कडकट्याचा पोळा

आकाशातून काही यायचंच होतं तर शहाणपण यावं, वेळेवर पाऊस यावा, गेला बाजार एखादा चांगला जावई तरी यावा. आलं काय, तर सरडा. सिंधुताईचं याबाबतीत पहिल्या दिवसापासून हेच मत होतं आणि मत बदलणाऱ्यांतली ती बाई नव्हती.

आता त्याला सरडा म्हणणं म्हणजे रेड्याला शेळी म्हणण्यातला प्रकार. कुठल्याशा दूरच्या ग्रहावरून त्याची अंडी आली, इथं उबवली गेली आणि बघता बघता हा प्राणी माणसाळून राखणीला लागला. शास्त्रज्ञांनी ठेवलेलं नाव उच्चारायला जीभ दोनदा दुमडावी लागे, म्हणून भिलाईत त्याला कडकट्या म्हणत. चालताना त्याचे गुडघे कडकड वाजत आणि गुडघे होते सहा. अंगानं वासराएवढा, वजनानं तीन माणसांचा, मानेला झालर आणि रंग भट्टीतून काढलेल्या मळीचा. कुत्रा भुंकतो, चावतो, मग दवाखान्याच्या फेऱ्या. कडकट्या यातलं काहीच करत नसे. तो परक्या माणसाला खाली पाडायचा आणि त्याच्यावर बसायचा. मालक येईपर्यंत बसून राहायचा. मालक गावाला गेलेला असला तर खालच्यानं देवाचं नाव घ्यावं.

घरचा कोण आणि परका कोण, हे तो जिभेनं ओळखे. वर्षातून एकदा तो कात टाकी आणि कातीबरोबर सगळी ओळखदेखही टाकून देई. नवी कात ओली असते तो एक दिवस तो कोणालाच पाडत नसे. त्या दिवसात जो हातानं खाऊ घालेल, त्याचा तळवा तो चाटणार आणि तो माणूस पुढच्या कातीपर्यंत घरचा. संध्याकाळी कात वाळली की संपलं. मग खुद्द मालकानं गंगाजल पाजलं तरी उपयोग नाही.

असा हा नग सिंधुताईच्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, तीन वर्षांपूर्वी रायपूरहून आणला. गुलाबराव त्यांचं नाव. स्टील प्लांटातून फोरमन म्हणून रिटायर झाले, बायको आधीच गेलेली, पोरगा विक्की रायपूरला. आता हुकूम सोडायला हाताखाली माणसं उरली नव्हती, मग माणसाला काहीतरी लागतंच. कैंप-१ या वस्तीतलं घर वडिलांनी बांधलेलं. पुढच्या दोन खोल्या गुलाबरावांच्या, मागच्या दोन धाकट्या तेजरामच्या, अंगण आणि फाटक दोघांचं. दोघांचं म्हणजे कडकट्या येईपर्यंत दोघांचं. गुलाबरावांनी कातीच्या दिवशी दार लावून घेतलं, एकट्यानं अंडी खाऊ घातली आणि जनावर फाटकात आणून बसवलं. त्याच आठवड्यात तेजराम फर्स्ट शिफ्ट करून भर दुपारी घरी आला, तर कडकट्यानं त्याला आडवा करून वर बैठक मारली. सगळी गल्ली जमली. तेजराम खालून सायकल धरून ठेवा म्हणून सांगत होता. अशा नवऱ्याच्या जिवावर बाईनं भांडायचं तरी कसं?

तेव्हापासून तेजरामच्या बिऱ्हाडानं मागच्या बोळातून यायचं. बोळ कसला, दोन भिंतींच्या मधली उघडी नाली. तिच्यावर एक फळी टाकलेली, ती एका टोकाला पाय ठेवला की दुसऱ्या टोकानं वर यायची. तेजरामनं एकदा दबक्या आवाजात विषय काढला, तेव्हा गुलाबराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "घरच्या मानसानं मागूनच यावं, तेजराम. पुढचं फाटक पाहुन्यायसाठी असते."

पाहुणेही त्यांचेच. त्यांच्याकडे कोणी यायचं असलं की ते अंड्याची टोपली दाखवून कडकट्याला खोलीत नेत आणि कडी लावत. सिंधुताईकडे कोणी यायचं असलं की त्यांना नेमकी झोप लागे. समीक्षाला, सिंधुताईच्या एकुलत्या एका पोरीला, बघायला दुर्गचे लोक आले होते, तेव्हा हीच झोप लागली होती. मुलाची आई बोळातून येताना तिची एक चप्पल नालीत गेली. बाईनं चहा घेतला, पोहे खाल्ले, एका चपलेवर परत गेली आणि पुन्हा निरोप आला नाही. लोक म्हणाले, योग नव्हता. सिंधुताई म्हणाली, योग होता, सरडा आडवा आला.

आणि आता दुसरा योग आला होता. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली भाग्यश्रीबाई, तिचा मुलगा देवेंद्र रेल्वेत. भाग्यश्रीबाईचा भाऊ नरेश याच गल्लीच्या तोंडाशी राहायचा, पोळ्याला सगळे त्याच्याकडे येणार होते आणि दुसऱ्या दिवशी, करीला, मुलगी बघायला इकडे. देवेंद्र आणि समीक्षा फोनवर बोलतात हे सिंधुताईला ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्याचं ती पक्कं सोंग आणत होती. पोरीनं कपाटातल्या साड्या तीनदा काढून तीनदा ठेवल्या, तेव्हाच आईला कळलं की हे मोडलं तर पोरगी मोडेल. एवढे लोक, तेवढ्याच वेळासाठी, पुढच्या फाटकातून आत यावेत, बस. यापलीकडे तिला देवाकडेसुद्धा काही मागायचं नव्हतं.

पण मागायचं होतं गुलाबरावांकडे. भासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. पंचवीस-तीस वर्षं ती डोक्यावर पदर घेऊन, दाराच्या चौकटीकडे बघून त्यांच्याशी बोलत आली होती. आताही ती चौकटीला म्हणाली, "उद्या-परवा पाहुने येऊन राहिले. तेवढा येळ जनावराले आत कोंडा म्हना."

गुलाबरावही पलीकडून चौकटीलाच म्हणाले, "परवाचं परवा पाहू. उद्या पोळा आहे, मले लय कामं आहेत."

कामं कसली, ते गल्लीला माहीत होतं. गुलाबरावांचे वडील गोंदियाकडचे शेतकरी. गावी पोळ्याच्या तोरणाखाली त्यांची बैलजोडी पहिली उभी राही, हे गुलाबरावांनी भिलाईत इतक्या वेळा सांगितलं होतं की ऐकणाऱ्यांना बैलांची नावं पाठ होती. पण कैंपात बैल राहिले होते कुठे? पोळ्याला पोरं लाकडी नंदी ओढायची, तेवढंच. यंदा पोळा कमिटीचे भैयालाल सहज म्हणून गेले, "ए साल तुंहर कडकट्याच ल लाव न, भैया." म्हणजे यंदा तुमचा कडकट्याच आणा की. भैयालालनं थट्टा केली असावी. पण मानाला भुकेलेल्या माणसाला थट्टा आणि आमंत्रण यातला फरक कळत नाही.

आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि त्याच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सहा पायांच्या जनावराचा खांदा नेमका कोणता, यावर कमिटीत वाद झाला. शेवटी सहाही पायांना हळद लावली. कान सापडले नाहीत म्हणून गुलाबरावांनी आवतन झालरीखाली दिलं. सिंधुताई हे गच्चीवरून बघत होती. वडील-आजोबांच्या बैलांना हे कळलं असतं तर ते दावं तोडून आले असते, असं तिला वाटलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी कडकट्यानं कात टाकली. खालून निघाला तो असा लखलखीत की गुलाबराव हरखलेच. मिरवणुकीसाठीच देवानं नवा अंगरखा दिला म्हणाले. समीक्षा दाराशी आली होती, ती म्हणाली, "मोठेबाबा, हा तं आजच कात सोडून राहिला. ऐसे में बाहर नहीं ले जाते ना. ज्याच्या हातचं खाईन त्याले घरचा समजन."

"तू मले शिकवून राहिली का?" गुलाबराव म्हणाले. "थे अंड्याशिवाय कशाले तोंड लावत नाही. पोळी काय खाते थे!"

मग त्यांना आठवलं की घरातून निघण्याआधी घरच्या बाईनं जनावराचे पाय धुऊन घास द्यायचा असतो. त्यांच्या घरात बाई नव्हती. तेजरामला निरोप्या करून मागे पाठवलं, सिंधूले म्हना, तांब्या घेऊन ये. सिंधुताईनं या वेळी चौकटीचा आडपडदा ठेवला नाही, पुढच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती तेजरामला म्हणाली, "बैलाचे पाय धुतले असते म्या, दहा येळा धुतले असते. सरड्याचे पाय धुवाले माह्या बापानं मले या घरात नाई देल्लं. जा, सांगा!"

तेजरामनं सांगितलं नाही. तो स्वतःच तांब्या घेऊन गेला, पाय धुतले आणि पोळीचा घास पुढे केला. समीक्षानंही केला. कडकट्यानं आयुष्यात पहिल्यांदा पुरण चाखलं.

त्यानंतर जे झालं ते सिंधुताईनं गच्चीवरून पाहिलं. जनावर पुरणाला असं चटावलं की दोर धरून ठेवायला गुलाबरावांना दोन्ही हात लागले. दारोदार बायका ताट घेऊन उभ्या. ओवाळलं की घास, घास झाला की तळवा चाटून साफ. भाजीवाली, पानठेल्यावाला, इस्त्रीवाला, कमिटीचे यच्चयावत मेंबर, कुरुदहून पाहुणे आलेली अनोळखी पोरं, सगळ्यांचे तळवे चाटून झाले. नरेशच्या दारात भाग्यश्रीबाई, तिचा नवरा आणि देवेंद्र यांनीही हात जोडून घास दिले. होणारी विहीण सरड्याला ओवाळते हे पाहून सिंधुताईनं कपाळावर हात मारला, पण लगेच माफही केलं. मुलाच्या आईला बरंच माफ करावं लागतं.

गुलाबराव तेवढे कोरडे राहिले. मालकानं दोर धरायचा असतो, घास लोकांनी द्यायचे असतात, असं ते ज्याला त्याला सांगत होते. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी अंडं पुढे केलं. पण गल्लीभरच्या पोळ्या पोटात गेलेल्या. कडकट्यानं एक पापणी मिटली, मग दुसरी मिटली आणि फाटकात पसरला. तो मला ओळखतोच की, असं म्हणून गुलाबरावांनी ते अंडं स्वतः खाल्लं.

करीच्या सकाळी गल्लीतली पोरं पळसाच्या डहाळ्या घेऊन "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडत फिरत होती. गुलाबराव नवा पांढरा पायजमा घालून कमिटीच्या मांडवाकडे कौतुक गोळा करायला गेले. बाहेर जाणाऱ्याला कडकट्या अडवत नसे. सिंधुताई बोळातून बाजारात गेली, कारण तेजरामला जिलेबी सांगितली होती आणि त्यानं पेढे आणले होते. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि फळीवरून जाताना ते दोन्ही हातांनी वर धरलं होतं.

परत येताना तिला लांबूनच फाटकापुढे गुलाबराव उभे दिसले. ते एक पाऊल पुढे टाकत, गुडघे कडकड वाजत, झालर फुलत आणि ते दोन पावलं मागे येत. भाजीवाली त्यांच्या बगलेतून आत गेली, अंगणातल्या नळावर पालक धुतला आणि बाहेर आली. इस्त्रीवाला आत जाऊन कपडे टेकवून आला. कुरुदच्या पोरांपैकी एक अंगणातल्या झाडाचे पेरू तोडून निवांत खात होता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. इथं सरडा कुंपणात आणि मालकाची धाव कुंपणापर्यंत.

सिंधुताई हसली. रस्त्यात थांबून, जिलेबीचा पुडा छातीशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तीन वर्षांचं साचलेलं हसू होतं ते, लवकर संपेना.

"अंडं दाखव त्याले, तेजराम!" गुलाबराव ओरडत होते. आतून तेजराम अंड्याची अख्खी टोपली दाखवत होता. कडकट्याला कालच्या पोळ्या अजून पचायच्या होत्या, त्यानं ढुंकून पाहिलं नाही. समीक्षानं झालर धरून ओढलं, तर भिंत ओढल्यासारखं झालं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी नरेशचा आवाज आला. पाहुणे निघाले होते. पुढून भाग्यश्रीबाई पदर सावरत, मागून तिचा नवरा, त्यामागे देवेंद्र. सिंधुताईनं डोळे पुसले. लोक फाटकापाशी आले, कडकट्यानं त्यांच्या तळव्यांना जीभ लावली, बाजूला सरकला आणि पाहुणे पुढच्या फाटकातून, मान ताठ ठेवून, चपला पायात ठेवून आत गेले. तिनं देवाकडे एवढंच तर मागितलं होतं. आज सगळ्या गल्लीला मोकळं असलेल्या फाटकातून तीही त्यांच्या मागोमाग निघाली.

कडकट्या उठला. झालर फुलली. सहा गुडघे एकदम वाजले.

तिला क्षणभर कळेना. मग कळलं आणि कानशिलं तापली. गल्लीतल्या पानठेल्यावाल्यापर्यंत सगळ्यांनी घास दिला होता. दिला नव्हता तो दोघांनीच. एकानं मालकीच्या तोऱ्यात, दुसरीनं तिरस्काराच्या. आणि या मुक्या, मळीच्या रंगाच्या, कान नसलेल्या जनावरानं दोघांना एकाच पंगतीत बसवलं होतं. गुलाबराव तिच्याकडे बघत होते. त्यांच्याबरोबर एका रांगेत उभं राहण्यापेक्षा ते जनावर अंगावर बसलेलं परवडलं असतं, असं तिला वाटलं. पण अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं आणि आत पोरीचे पाहुणे.

ती वळली आणि बोळाकडे चालू लागली. मागे पावलं ऐकू आली.

"इकडून?" नालीपाशी गुलाबरावांनी विचारलं. नाकाला रुमाल लावला होता.

सिंधुताई थांबली. इथं चौकट नव्हती. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तिनं भासऱ्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. म्हातारा झाला होता माणूस, हे तिला इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

"मंग कुठून?" ती म्हणाली. "तीन वर्सं झाले, इकडूनच. फळीच्या मधात पाय द्या, टोकाले देऊ नका."

ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं तो ऐकणार कुठला! गुलाबरावांनी टोकालाच पाय दिला. फळी उठली आणि नवा पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत नालीत गेला. भासऱ्याला हात द्यायची रीत नव्हती. रीत असती तरी तिनं दिला असता असं नाही. ती जिलेबी सांभाळत पुढे उभी राहिली आणि ते भिंतीला धरून धरून बाहेर येईपर्यंत थांबली.

मागच्या दारातून दोघं आत आले तेव्हा पाहुण्यांच्या हातात चहा होता. भाग्यश्रीबाईनं आधी सिंधुताईकडे पाहिलं, मग गुलाबरावांच्या काळ्या पडलेल्या पायाकडे.

"अवं बाई, तुमी दोघं मागून कावून आले? काय झालं पायाले?"

तेजराम कपबशीत बघू लागला. गुलाबरावांनी सिंधुताईकडे पाहिलं. ही नजर तिनं त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. तिच्या जिभेवर सगळं तयार होतं: सरडा, नाली, नवऱ्याची सायकल, दुर्गच्या बाईची चप्पल. एकदा तोंड उघडायचा अवकाश, सगळा हिशेब पाहुण्यांसमोर चुकता झाला असता. पण दारात समीक्षा उभी होती, ट्रे घट्ट धरून. भाऊ भावावर जनावर सोडतो त्या घरातली पोरगी कोण करून घेतं?

सिंधुताईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"आमच्या घरची रीतच आहे, बाई," ती म्हणाली. "घरच्या मानसानं मागूनच यावं. पुढचं फाटक पाहुन्यायसाठी असते. मोठ्या भाऊजीनंच घालून देल्ली आहे रीत. व्हय ना, भाऊजी?"

गुलाबरावांनी भिजलेला पाय मागे ओढला. मग खाली बघून म्हणाले, "व्हय."

"हे लय चांगलं आहे बाप्पा," भाग्यश्रीबाई नवऱ्याला म्हणाली. "पाहुन्याचा इतका मान आजकाल कोन ठेवते!" आणि तिनं समीक्षाला जवळ बसवून घेतलं. जिलेबीचा पुडा फुटला. दुपारपर्यंत सगळं ठरलं.

कडकट्याची कात तर वाळून गेली होती, त्यामुळे पुढच्या कातीपर्यंत गुलाबरावांनाही बोळाशिवाय गत्यंतर नव्हतं. आठवडा पुरा व्हायच्या आत त्यांनी गवंडी बोलावला. नालीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशी पडली, बाजूनं सिमेंट झालं. सिंधुताई मागच्या दारात बसून काम बघत होती. तीन वर्षं तिचे पाय, तेजरामचे पाय, पोरीचे पाय त्या घाणीत भिजले तेव्हा या माणसाला नाली दिसली नव्हती. एक पायजमा भिजला आणि गवंडी आला. थू त्याच्या मोठेपणावर, ती मनात म्हणाली.

फरशी चांगली बसली होती, जराही हलत नव्हती. सिंधुताई बाजारातून पहिल्यांदा तिच्यावरून कोरड्या पायांनी घरी आली आणि चप्पल काढता काढता तिला एकदम रडू आलं. काय झालं म्हणून समीक्षानं विचारलं. रागानं रडून राहिली, असं तिनं पोरीला सांगितलं.